बावीस मिनिटांचा जबाब

कस्टमचे साहेब येऊन गेल्याला पाच महिने झाले होते. या पाच महिन्यांत घरातल्या एकानेही बारकूला सांगितलं नव्हतं की सगळी केस त्याच्या जबाबावर उभी आहे. थोरल्या मनोजला लाज वाटत होती, सून मीनाला वेळ नव्हता, दुसरा मुलगा दीपक इगतपुरीला होता आणि लेक मोहिनीला कोणी कागद दाखवत नव्हतं. राहिली बारकूची बायको कुसाबाई. तिला केस कळली नव्हती, पण पोराचं घर जाणार एवढं कळलं होतं, आणि तेवढ्यावर ती कोणाशीही भांडायला तयार होती.

सुनावणी मंगळवारी होती, मुंबईला. म्हणून रविवारी सकाळी सगळे पेठ रोडच्या दुकानात जमले. खरं तर मनोजने सगळ्यांना गंगापूर रोडच्या फ्लॅटवर बोलावलं होतं, पण बारकूने साफ सांगितलं, "त्या लिफ्टमधी माझा जीव कोंडतो. ज्याला गरज हाय त्यानं इकडं यावं." गरज मनोजला होती. तो बायकोला गाडीत घालून आला. धाकटा दीपक रेल्वेत बुकिंग क्लार्क. रात्रपाळी संपवून तसाच बसने आला, डोळे लाल. मोहिनीला कुठून यायचं नव्हतं. दुकानामागच्या दोन खोल्यांत आईबापाबरोबर तीच राहायची आणि सोमवार ते शनिवार एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करायची.

जानेवारीचं ऊन दुकानाच्या फरशीवर अर्ध्यापर्यंत आलं होतं. बारकू उन्हात पोतं टाकून बसला होता आणि कोणाच्या तरी जुन्या, वाकड्या चाकाचा आऊट काढून ते सरळ करत होता. एकाहत्तर वर्षांचा माणूस. मनोज पाया पडला तरी त्याने चाक खाली ठेवलं नाही.

"बाबा, एक सही पाहिजे."

"कशावर?"

"केसचा कागद आहे. वकिलाने पाठवलाय. नोटरी ओळखीचा आहे, उद्या शिक्का मारून देईल. तुम्हाला कुठं यायची गरज नाही."

"काय लिवलंय?"

"तेच आपलं. आपण सुटे भाग आणले, सायकली नाही आणल्या."

"मंग विंग्रजीत कशाला?"

"साहेबांना इंग्रजी लागतं."

"साहेब मराठी बोलत व्हता," बारकू म्हणाला. "चहा पिताना तर लय चांगलं मराठी बोलत व्हता."

दीपक फिसकन हसला. मनोजने त्याच्याकडे पाहिलं तसा गप्प झाला.

कुसाबाई आतून भाकरीच्या पिठाचे हात घेऊनच बाहेर आली. "कर की सही! मतदानाला बोट पुढं करतो तवा इचारतो का, काय लिवलंय म्हणून? पोरगा मागतोय तर ह्याला वाचून पाहिजे."

"मोहे," बारकूने हाक मारली. "वाच गं हे."

"तिला कशाला?" मनोज म्हणाला. "तिचं काम टायपिंगचं. कायद्याचं तिला काय कळतंय."

"टाईप करायच्या आधी वाचावं लागतं, दादा," मोहिनी म्हणाली आणि त्याच्या हातातून फाईल घेतली.

तिने आधी मनात वाचलं. दोन पानं होती. पहिलं पान संपताना तिचा चेहरा बदलला, ते मीनाने पाहिलं. मीनाला आत काय लिहिलंय ते माहीत नव्हतं. तिला नवऱ्याने एवढंच सांगितलं होतं की बाबांच्या वयाचं आणि तब्येतीचं एक प्रतिज्ञापत्र जोडायचंय.

"मोठ्यानं वाच," बारकू म्हणाला. "मराठीत."

मोहिनीने वाचलं. न थांबता वाचलं, ऑफिसात वाचायची तसं. "मी, बारकू रामा भोये, वय एकाहत्तर, मूळ राहणार तालुका पेठ, अशिक्षित. मी शपथेवर सांगतो की मी सायकलचा कारागीर नाही. मी आयुष्यभर फक्त पंक्चर काढण्याचं आणि हवा भरण्याचं काम केलं. मला एकट्याला नवी सायकल जोडता येत नाही. अधिकाऱ्यांसमोर मी जोडून दाखवलेली सायकल या मालातली नव्हती, ती कारखान्यात आधीच तयार केलेली होती. या मालाचे भाग जोडायला भोकं पाडावी लागतात, वेल्डिंगचं झाळकाम करावं लागतं, चाकं बांधावी लागतात. मला दमदाटी केल्यामुळे आणि वयोमानाने समज कमी झाल्यामुळे मी चुकीचा जबाब दिला."

बारकूने चाक खाली ठेवलं.

*

त्या ऑगस्टमध्ये काय झालं ते सगळ्या घराला पाठ होतं, फक्त प्रत्येकाने ते वेगळ्या तोंडाने सांगितलं होतं.

डोंगरात नवं भात, नवी नागली घरात आली की देवाला दाखवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. बारकू तेराव्या वर्षी पेठच्या डोंगरातून नाशकात आला, दुसऱ्याच्या दुकानात राबला, मग स्वतःचं टाकलं, पण ही रीत त्याने सोडली नाही. त्याच्याकडे भात नव्हतं, सायकली होत्या. ट्रकमधून नवा माल उतरला की त्यातली पहिली सायकल तो स्वतः जोडायचा, हँडलला हळदकुंकू लावायचा, अंगणात एक चक्कर मारायचा आणि मगच बाकीचे खोके विकायला काढायचा. मनोजने परदेशातून माल मागवायला सुरुवात केली तेव्हाही त्याने तेच केलं. माल चीनचा असो की लुधियानाचा, देवाला काय फरक पडतो?

साहेब गोडाऊनला आले त्या दिवशी मनोज मुंबईला एजंटकडे होता. दोघं होते, तरुण, शर्ट खोचलेले. खोक्यांवर सुटे भाग असं लिहिलेलं आणि समोर भिंतीला टेकून हळदकुंकू लावलेली अख्खी सायकल उभी. मोठ्या साहेबाने विचारलं, "बाबा, ही कोणी जोडली?"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, माहीत नाही साहेब, मालकाला विचारा. पण बारकूला साठ वर्षांत पहिल्यांदाच कोणी खुर्चीतल्या माणसाने त्याच्या कामाबद्दल विचारलं होतं. एके काळी नाशकातल्या निम्म्या दुकानांच्या सायकली तो जोडून द्यायचा. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायचे, कंपनीचा माणूस येतो जोडायला. डांगातलं आदिवासी पोरगं जोडतं असं सांगितलं तर सायकल कोण घेईल?

"मीच जोडली," बारकू म्हणाला.

"किती वेळ लागतो?"

"बसा. दाखवतो."

त्याने दोन खोके फोडले. एकातून फ्रेम आणि पुढचं चाक धरणारा चिमटा काढला, दुसऱ्यातून चाकं, हँडल, चेन, पायडल. हत्यारं एवढीच, दोन पाने आणि एक पेचकस. साहेबाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. बावीस मिनिटांनी बारकूने पायडलला लाथ मारली, मागचं चाक सूं करून फिरलं. साहेब म्हणाला, "वा बाबा." मग बारकूने चहा मागवला, साहेबाने पंचनामा लिहिला आणि बारकूने खाली सही केली. घरी येऊन त्याने कुसाबाईला सांगितलं, आज माझ्या कामाचं सरकारी कागदावर लिवून घेतलं.

लिहून घेतलं होतं खरं. कस्टमकडून आलेल्या नोटिशीच्या चौथ्या पानावर होतं ते.

*

"मला समजावून सांग," बारकू म्हणाला. मनोजला नाही, मीनाला म्हणाला. घरात आकडे आणि कायदा सोपा करून सांगणारी तीच होती. रेल्वेच्या वसाहतीत वाढलेली, बोलायला सरळ.

मीना पायरीवर बसली. "बाबा, अख्खी सायकल बाहेरून आणली तर कर जास्त लागतो. सुटे भाग आणले तर कमी. आपण फ्रेमा एका फर्मच्या नावावर आणल्या आणि चाकं, हँडलं दुसऱ्या फर्मच्या. दोन्हीकडे लिहिलं, सुटे भाग. साहेब म्हणतात, कायद्यात असं आहे की खोलून आणलेली सायकलसुद्धा सायकलच. नुसत्या पान्याने आवळून ती उभी राहत असेल तर तिला सुटे भाग म्हणता येत नाही. मग पूर्ण सायकलीचा कर भरा, वर दंड भरा."

"आन उभी राहत नसंल तर?"

"जोडायला कारखान्याचं काम लागत असेल, भोकं पाडायची, झाळायचं, तर ते भाग. मग आपलं बरोबर."

"मंग साहेब बरोबर हाय," बारकू म्हणाला. "भोकं कारखान्यातनंच पाडून आलेली. चाकं बांधून आलेली. पान्यानंच व्हतं."

"बाबा!" मनोज ओरडला. "हेच! हेच बोलायचं नाही! तुमच्या या बोलण्याने आपण इथं आलोय. दोन कंटेनर सुटले होते, तिसरा अडकला. कोणामुळे? वकिलाने मला तोंडावर विचारलं, तुमच्या वडिलांनी प्रात्यक्षिक का दिलं? काय सांगू मी? त्यांना हौस आहे म्हणून?"

"तू मला सांगितलं व्हतं का, मालाच्या कागदावर काय लिवलंय ते?"

"तुम्हाला काय कळलं असतं?"

हे बोलून गेल्यावर मनोजला कळलं की आपण काय बोललो. पण तो मागे हटणारा नव्हता. भोयेंच्या घरात माफी मागायची पद्धत नव्हती, भाकरी वाढून द्यायची पद्धत होती, आणि भाकरी अजून तव्यावर होती.

मोहिनी म्हणाली, "कळलं असतं. आत्ता वहिनीने दोन मिनिटांत सांगितलं, कळलं ना त्यांना? दादा, हा कागद खोटा आहे. वाक्य न् वाक्य खोटं आहे. शपथेवर खोटं लिहायचं, आणि तेही कोणाकडून? ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडून?"

"तू एक काम कर, तू न्यायाधीश हो."

"दमदाटी केली म्हणे! चहा पाजला त्यांना बाबांनी. समज कमी झाली म्हणे!"

"मोहिनीचं बरोबर आहे," दीपक म्हणाला. तो आतापर्यंत बाकड्यावर डुलक्या घेत होता. "दादा, धंदा तुझा, एजंट तुझा, दोन फर्मची आयडिया तुझी. निस्तर तू. बाबांना यात नको ओढू. मला तर हे ऐकवत नाही, हवा भरणारा म्हणे."

मनोजने मोहिनीच्या हातातली फाईल घेतली, मागची नोटीस काढली आणि एक पान दीपकसमोर धरलं.

"वाच. दुसऱ्या फर्मचा मालक कोण आहे?"

दीपकने वाचलं. झोप उडाली.

"हे माझं नाव कशाला आहे?"

"चाकं तुझ्या नावावर आलीत. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत जेवताना सह्या केल्या होत्यास. मी म्हटलं, कर रे, बँकेच्या खात्याचं काम आहे. तू जिलबी खात होतास."

"दादा, मी रेल्वेत आहे! मला धंदा करता येत नाही! ऑफिसला कळलं तर..."

"कळणारच आहे. केस हरलो तर ऑर्डरमध्ये तुझं नाव येणार. म्हणून म्हणतो, हा कागद लागतो. आता बोल, तुला ऐकवत नाही का?"

दीपक उठला, दुकानाच्या दारापर्यंत गेला, रस्त्यावरून जाणारी एक रिक्षा पाहिली आणि परत आला. तेवढ्या सहा पावलांत त्याचं मत फिरलं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याची पगाराची नोकरी असते त्याचं मत किती वेळ टिकतं हे सगळ्यांना माहीत आहे.

"बाबा," तो बापाच्या शेजारी उकिडवा बसला. आवाज एकदम मऊ. "कागदच आहे हो. कोण वाचतो? फायलीत जाईल. तुम्हाला काय येतं ते आम्हाला माहीत नाही का?"

"आत्ता तर ऐकवत नव्हतं तुला," मोहिनी म्हणाली.

"तू गप बस. तुला पोरंबाळं नाहीत."

"अगंबाई! आता पोरंबाळं आली मध्ये. पोरं असली की बापाला अडाणी ठरवायचं लायसन मिळतं का?"

कुसाबाईने मधेच मोहिनीला दटावलं, मग दीपकला दटावलं, मग नवऱ्याकडे वळली. "ऐक. तू लय मोठा कारागीर. मला माहीत हाय, आख्ख्या पेठ रोडला माहीत हाय. मंग कागदाला माहीत नसलं तर काय बिघडतं? देव कागद वाचतो का?"

बारकूने मान हलवली. "देव नाय वाचत. साहेब वाचतो. साहेबानं माझं काम डोळ्यानं पाह्यलं. आता तो वाचणार, बारकूला सायकल जोडता येत नाय. तो काय म्हणंल? म्हणंल, म्हातारं घाबरलं. पोरांनी दाबलं."

"म्हणू दे!"

"तुझा फ्लॅट जाणार हाय का?"

"माझ्या पोराचा हाय."

मीना इतका वेळ पायरीवरून हलली नव्हती. फ्लॅट तिच्या आणि मनोजच्या नावावर होता आणि आता बँकेकडे गहाण होता, तिसऱ्या कंटेनरसाठी. गहाणाच्या कागदावर तिने वाचून सही केली होती. तिला कोणाला दोष देता येत नव्हता. आज ती ठरवून आली होती की सासऱ्याला समजवायचं, गोड बोलायचं, वेळ पडली तर रडायचं. पण ते वाक्य तिच्या कानातून जात नव्हतं. मला एकट्याला नवी सायकल जोडता येत नाही. हे वाक्य वकिलाला कुठून सुचलं असेल? वकिलाने सासऱ्याला कधी पाहिलं नव्हतं. कोणीतरी त्याला सांगितलं असणार.

"अहो," ती मनोजला म्हणाली, "हे हवा भरण्याचं तुम्ही सांगितलंत?"

"वकिलाने लिहिलंय."

"वकिलाला कोणी सांगितलं?"

मनोज नोटीस परत फाईलमध्ये घालायला लागला. मीना उठून सासऱ्याच्या बाजूच्या भिंतीला टेकून उभी राहिली. एवढंच केलं तिने, पण मनोजला ते दिसलं. दीपक त्याच्याकडे आला होता आणि बायको तिकडे गेली होती. हिशोब तिथल्या तिथेच राहिला.

*

बारकूने माळ्याकडे बोट दाखवलं.

"वर दोन खोके हायेत. पयल्या मालातले. साहेबाच्या यादीत नाय आले ते, दुकानात व्हते म्हणून. दीपक, काढ."

"कशाला बाबा?"

"काढ म्हणतो ना."

दीपकने स्टूल लावून खोके उतरवले. एकात फ्रेम, एकात बाकीचं. बारकूने ते मनोजच्या पायाशी सरकवले आणि दोन पाने आणि पेचकस वर ठेवला.

"जोड."

"काय?"

"कागद म्हणतो, एकट्या माणसाला पान्यानं जोडता येत नाय. तू जोडून पाह्य. तास लाव, दीड तास लाव. मी हात लावणार नाय. उभी राहिली तर कागद खोटा, मी सही करत नाय. नाय उभी राहिली तर कागद खरा. करतो सही, जिथं म्हणशील तिथं."

"बाबा, हा काय पोरखेळ आहे?"

"तुझा वकील मला न पाहता लिवतो, तो पोरखेळ नाय. मी पाहून ठरवतो, तो पोरखेळ. बस खाली."

मनोजने घड्याळ काढून खिशात टाकलं आणि फरशीवर बसला. पँट इस्त्रीची होती. गेल्या पंधरा वर्षांत त्याने पान्याला हात लावला नव्हता. हात काळे करून आयुष्य काढायचं नाही हे त्याने दहावीत असतानाच ठरवलं होतं, आणि कॉलेजात वर्गातल्या पोरांना तो सांगायचा की वडिलांचं सायकलचं शोरूम आहे.

त्याने फ्रेम उलटी केली. चिमटा बसवला. वरची वाटी हाताने फिरवून बसवली आणि अर्धा आटा मागे घेतला, कारण पूर्ण आवळली की हँडल जड होतं. हे त्याला कोणी आत्ता सांगितलं नव्हतं. हाताला आठवत होतं. अकरा वर्षांचा असताना बाप त्याच्याकडून रोज शाळेआधी एक सायकल जोडून घ्यायचा. चुकलं की बोलायचा नाही, सगळं खोलून परत समोर ठेवायचा.

हँडल बसलं. मागचं चाक बसलं. चेन चढवताना बोटं काळी झाली आणि मनोजला कळलं की आपल्याला हे काम आवडतंय. त्याला स्वतःचा राग आला. तो वेगाने करत होता. त्याने मुद्दाम वेग कमी केला. ब्रेक लावताना एक स्क्रू उगाच हातातून पाडला, तो शोधत बसला. दीपक स्टुलावरून एकटक पाहत होता. त्याच्या ओठांवर अर्धवट प्रार्थना असावी, आणि ती सायकल उभी राहू नये म्हणून होती. कुसाबाई दाराशी उभी. आत भाकरी करपल्याचा वास आला तरी ती हलली नाही.

शेवटी पुढचं चाक राहिलं.

मीना भिंतीपाशी उभी होती तिथून तिला नवऱ्याचे हात स्पष्ट दिसत होते. इतरांना त्याची पाठ दिसत होती. त्याने चाक चिमट्यात सरकवलं, गुडघ्यात धरून सरळ केलं, डावं नट आवळलं, उजवं नट आवळलं. चाक मध्यावर आलं. मग तो थांबला. पाना नटावरच होता. त्याने वर पाहिलं नाही. पाना उलटा फिरवला, अर्धा फेरा, आणि अंगठ्याने चाक एका बाजूला ढकललं. चाक चिमट्याला टेकलं.

मीनाच्या तोंडाशी शब्द आला. तिने तो बाहेर येऊ दिला नाही. तीन खोल्या, एक बाल्कनी, पोरीची शाळा चालत पाच मिनिटांवर. ती भिंतीपासून दूर झाली आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसली.

मनोजने सायकल उभी केली आणि पुढचं चाक फिरवलं. चाक खर्र करून घासलं आणि थांबलं. त्याने पुन्हा फिरवलं. पुन्हा थांबलं.

"नाही बसत," तो म्हणाला. "चिमटाच वाकडा आलाय. याला वर्कशॉप लागतं."

"पाहू," मोहिनी पुढे झाली.

"तू काय पाहणार? तुला सायकलीतलं काय कळतं?"

बारकू पोत्यावरून उठला नाही. त्याला उठायची गरज नव्हती. चाक कशाने घासतंय हे त्याला आवाजावरून कळायचं. चिमटा वाकडा असला तरी आवळलेलं चाक एका सुरात घासतं. हे ढिल्या नटावर डुगडुगत घासत होतं. तोंडाने खोटं बोलणारे बारकूने लय पाहिले होते. धंदाच त्यांच्यात केला. हाताने खोटं बोलणारा त्याने पहिल्यांदा पाहिला, आणि त्या हातांना त्यानेच शिकवलं होतं.

"आण कागद," तो म्हणाला.

"बाबा, नका करू," मोहिनी म्हणाली. "बाबा, हे मुद्दाम..."

"मोहे, मी शब्द दिलाय. आण."

दीपकने पेन पुढे केलं, फार पटकन केलं. मनोजने खालची जागा दाखवली. बारकूने चष्मा लावला. सही तो वयाच्या तिसाव्या वर्षी शिकला होता, एका पोस्टमनकडून, त्याची सायकल फुकट दुरुस्त करून देण्याच्या बोलीवर. दोन्ही पानांवर त्याने सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं. दुसऱ्या पानावर बोटाचा काळा डाग पडला.

"डाग चालंल का?" त्याने विचारलं.

"चालेल," मनोज म्हणाला.

मनोजने कागद फाईलमध्ये घातले, फाईलचा बंद बांधला. कुसाबाईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "चला, जेवून घ्या. उडदाची डाळ केलीय." दीपक सगळ्यांच्या आधी आत गेला. मोहिनी रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे दुमडायला लागली, कोणाकडे न पाहता, जोरात. मनोज हात पुसायला फडकं शोधत होता.

"मनोज," बारकू म्हणाला.

"हां बाबा."

"ते पुढलं चाक आवळून ठेव. उजवं नट. तसंच राह्यलं आन कोणी बसलं तर तोंडावर पडंल."

मनोज तिथंच उभा राहिला. मीनाने मान खाली घातली. मोहिनीचे हात पुठ्ठ्यावर थांबले. काही क्षण वाटलं की मनोज काहीतरी बोलेल, चिमट्याचं, वर्कशॉपचं. मग तो खाली वाकला, चाक गुडघ्यात धरलं, सरळ केलं आणि पान्याने नट आवळलं. अर्धं मिनिट लागलं नाही. त्याने चाक फिरवलं. ते न घासता फिरत राहिलं.

बारकूने कान देऊन ऐकलं, चाक आपोआप थांबेपर्यंत.

"हां," तो म्हणाला. "आता बरोबर."